सातशे पौंडांची दुपार

अण्णांना घेऊन पिंपळगाव रेणुकाईला जायचं ठरलं, तेव्हा मी नेहमीप्रमाणे यादी केली. औषधं, उंच उशी, नाकातली जास्तीची नळी, पाण्याची बाटली. शेवटची ओळ होती : काटा पन्नासवर आला की निघायचं.

हा काटा ऑक्सिजनच्या सिलिंडरवरचा. गेल्या वर्षापासून सिलिंडर वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, उशाशी उभा असतो. भरलेला असला की मीटर दीडशे किलो दाब दाखवतो. पन्नास किलो उरले की अण्णांना साधारण चार तास पुरतात, आणि गावाहून जालन्यातल्या घरी यायला अडीच तास लागतात. त्यामुळे वाटेत कुठलाही हिशेब करावा लागू नये, अशी सोय मी त्या एका ओळीत करून ठेवली होती.

देवीचं दर्शन अण्णांना हवंच होतं. पण जीव अडकला होता तो बहिणीत. आत्या हसनाबादला असते. तिचे गुडघे गेलेले, अण्णांचा श्वास. दोन वर्षांत भेट नव्हती. मुलाच्या जीपमधून ती दुपारपर्यंत गावात पोचणार होती.

सकाळी धाकट्या भावाने सिलिंडर गाडीत बांधला. "ताई, फुल आहे बघ," तो म्हणाला. आधीचा मीटर गळत होता म्हणून दुकानदाराने या वेळी दुसरा बसवून दिला होता. मी यादीवर खूण केली आणि आम्ही निघालो.

दर्शन झालं. चुलत्यांच्या अंगणात लिंबाखाली बाज टाकली होती. जेवून अण्णा तिथे आडवे झाले. आत्याचा फोन आला, "जीप माल घेऊन गेली, पाचला निघते." कुणालाच घाई नव्हती. भाऊ काट्याकडे बघून म्हणाला, "सातशेवर आहे ताई. बिलकुल टेन्शन घेऊ नको."

मी बाजेशेजारी सतरंजीवर टेकले. ऑक्सिजन ज्यातून येतो त्या सिलिंडरच्या बाटलीतलं पाणी बुडबुडत होतं. लांब कुठेतरी विहिरीवर मोटार चालू असावी तसा तो आवाज येत होता, एकसारखा, न थकता. उन्हाचे कवडसे अण्णांच्या सदऱ्यावरून हळूहळू सरकत होते. मला वाटलं, मी पुन्हा सहासात वर्षांची आहे, ट्रॉलीत कडब्यावर पडले आहे, आणि अण्णा खाली उभे राहून ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरून घेताहेत. "बारा पौंड बस," ते पंक्चरवाल्याला सांगताहेत. "जास्त भरली तर रान तुडवतं." किती दिवसांनी आठवला तो शब्द. पौंड. चाकातली हवा पौंडात, सिलिंडरमधली किलोत. माझ्या स्कूटीच्या मागच्या चाकात तीस पौंड भरतात. पेट्रोल पंपावरच्या यंत्राच्या तबकडीवर आकड्यांची दोन कडी आहेत. वरच्या कड्यावर काटा तीसवर थांबतो, तेव्हा आतल्या कड्यावर दोन किलोच्या जरासा पुढे असतो. म्हणजे एका किलोला चौदा पौंड…

पाणी बुडबुडत होतं. सातशे.

मी उठून बसले. दीडशेला भरणारा सिलिंडर सातशे दाखवेलच कसा? चष्मा लावून मीटरच्या तळाची बारीक अक्षरं वाचली. पौंडच. सातशे भागिले चौदा.

"ऊठ," मी भावाला हलवलं. "पन्नास झालेत."

"ताई, सातशे आहेत. तू स्वप्न बघून राह्यली काय?"

त्याला चाकाचं उदाहरण दिलं. त्याचा चेहरा उतरला. आमच्या बोलण्याने अण्णांनी डोळे उघडले.

"मी न्हाई येत," ते म्हणाले. "ती येणारे."

"अण्णा, पाचपर्यंत थांबलो तर वाटेत संपेल."

ते पानांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जाताना हसनाबाद लागत न्हाई का?"

"थोडं वळण पडतं."

"मंग चल जल्दी. तिला म्हणावं, दारात बस."

गाडीत मी मीटर मांडीजवळ धरून बसले होते. दोन्ही बाजूंनी कापसाची रानं मागे सरत होती, आणि काटा सरकताना दिसत नव्हता, फक्त दर वेळी बघावं तर थोडा अलीकडे आलेला असायचा. हसनाबादला पोचलो तेव्हा तो पाचशेच्या जरा वर होता.

आत्या खरंच दारात खुर्चीवर बसली होती. भावाने खुर्चीसकट तिला उचलून गाडीच्या उघड्या दाराशी आणलं.

"लय वाळलास रे दादा."

"तू तरी कुठं फुगलीस?"

दोघांनी हात धरले. मग आत्याने माझ्याकडे वळून विचारलं, "किती वेळ हाय?"

"आत्या, सदतीस किलो आहे, म्हणजे…"

"किलो नको सांगू माय. चहा होईल का?"

मी मनात भागाकार केला. "होईल. वहिनीला म्हणावं, सावकाश कर."

चहा झाला. बशीतूनच, पण अण्णांना फुंकर जमत नव्हती. आत्याच त्यांच्या बशीवर फुंकत होती.

घरी पोचलो तेव्हा काटा दोनशेच्या खाली होता. दुसरा सिलिंडर जोडला, नळी नीट केली, उशी उंच केली. अण्णांनी डोळे मिटूनच विचारलं, "किती उरलं होतं?"

"बारा किलो."

"म्हंजे अजून एक चहा झाला असता."

"झाला असता, अण्णा," मी म्हणाले, आणि पाणी पुन्हा बुडबुडू लागलं.