मर्जीचा कागद

डोलोरेस हुडाकचा राग आमच्या खोऱ्यात सगळ्यांच्या ओळखीचा. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकोणतीस वर्षं काढली, आणि गाजरं टाकणाऱ्या पोरांपासून मुख्याध्यापकापर्यंत कुणाची भीड म्हणून ठेवली नाही. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी बायका पिरोगी भरायला बसतात, आत बटाटा घालून करंजीसारख्या मुडपायच्या. तिथेही कुणी कड नीट दाबली नाही की ती म्हणायची, "ही पाण्यात फुटली ना, तर तूच गिळायचीस." पण हा राग दुधासारखा, उतू गेला की खाली बसणारा. नवरा गेल्यावर जो आला तो वेगळा. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नवऱ्याचं नाव रेमंड, सगळे रे म्हणायचे. लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. मुलखाचा शांत माणूस. त्या वर्षी ऑक्टोबरात त्याची झोप उडाली. मग जेवण सुटलं, मग भिंतीतून कुणीतरी आपल्याला शिव्या देतंय असं तो म्हणायला लागला. एका रविवारी दुपारी डोलोरेस प्रार्थनेहून घरी आली तर हा टेबलाशी बसलेला आणि पुढ्यात भरलेलं पिस्तूल. तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू जरा बाहेर जा, डॉली. तुझ्यासमोर नको."

तिने ते पिस्तूल उचललं कसं, गाडीत त्याला घातलं कसं, तिचं तिला माहीत. धाकटा दीर लेस्टर याला तिने फोन केला आणि दोघांनी मिळून रेला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं.

तिथे एक चष्मेवाली बाई दोन कागद घेऊन आली. आमच्याकडे लोक त्यांना जबरदस्तीचा कागद आणि मर्जीचा कागद म्हणतात. जबरदस्तीच्या कागदावर घरच्याने लिहून द्यायचं, की हा माणूस जिवाचं बरंवाईट करायला निघाला होता, मी डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टरला पटलं तर माणसाला ठेवून घेतात. मर्जीच्या कागदावर माणसाने स्वतःच सही करायची. खाट तीच, गोळ्या त्याच, ताटातला बेचव लगदाही तोच. फरक एवढाच, की आमच्या पेनसिल्व्हेनियात जबरदस्तीने ठेवलेल्या माणसाचं नाव सरकारी यादीत चढतं आणि त्याला पुढे बंदूक बाळगता येत नाही. घरात असेल तीही द्यावी लागते. मर्जीने आलेल्याला कायदा हातसुद्धा लावत नाही.

आणि आमच्याकडे हरणांचा हंगाम उघडतो त्या सोमवारी शाळा बंद असते. मास्तरच जागेवर नसतात, तर शिकवणार कोण? ज्याची बंदूक गेली तो बायकांबरोबर कोबी चिरत बसला, अशी आमची अक्कल.

लेस्टरने तिला इस्पितळाच्या व्हरांड्यात गाठलं. "डॉली, वेडेपणा करू नकोस. जबरदस्तीचा कागद केलास तर माणूस जन्मातून उठेल."

"आज दुपारी काय करत होता तो, ठाऊक आहे ना तुला?"

"अगं, थकलाय तो. चार दिवस झोपला की होईल सरळ. हंगाम तीन आठवड्यांवर आलाय. आमच्या बापाची रायफल त्याच्याकडून काढून घेणार? त्यापेक्षा गोळीच घाल ना त्याला!"

हे असं बोलला तो. शब्द न् शब्द.

ती चष्मेवालीही म्हणाली, "पेशंट तयार असेल तर मर्जीचाच बरा. पुढे त्रास नाही." पाद्रीबाबांनी फोनवर तेच सांगितलं. शेजारीपाजारी, गिरणीतले, सगळ्यांचं एकच. खोऱ्यात कुणीही सांगितलं असतं. आणि डोलोरेस, जिने जन्मात कुणाचं ऐकलं नाही, तिने नेमकं त्या दिवशी ऐकलं. रेच्या खाटेशी बसली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कर सही, रे. तुझं काही जाणार नाही." त्याने केली.

मर्जीने आलेला मर्जीने जातो. नवव्या दिवशी रे घरी आला, गोळ्यांनी सुजलेला, पण दाढी केलेला. दहाव्या दिवशी लेस्टरची गाडी दारात उभी. मागे घोंगडीत गुंडाळून रेच्या सातही बंदुका, इस्पितळात नेलं त्या दिवशी डोलोरेसनेच ह्याच्याकडे ठेवायला दिलेल्या.

"ह्या घेऊन कुठे चाललास?" डोलोरेस पायरीवर आडवी उभी राहिली.

"त्याच्या आहेत. त्याला देतो."

"मेल्या, तुझी अक्कल कुठे चरायला गेलीय?"

"हंगामाचा विचार केला की मन रमेल त्याचं. आणि कायद्याने तू अडवू शकत नाहीस, डॉली. म्हणून तर मर्जीचा कागद केला ना आपण?"

आपण! तिने त्याच क्षणी पोलिसांना फोन लावला. तिकडचा पोलीस बिचारा नम्र होता. म्हणाला, "बाई, जबरदस्तीचा कागद असता तर आम्ही येऊन घेऊन गेलो असतो. हा मर्जीचा आहे. आमचे हात बांधलेले." इस्पितळाला फोन केला, तर ते म्हणाले रेमंड हुडाक आता आमचे पेशंट नाहीत, नव्याने काही पाहिलंत तर कळवा. नव्याने! म्हणजे काय, आधी मरून दाखवायचं? तिने घरातल्या बंदुकीच्या गोळ्या गोळा करून शाळेच्या कोठीत कुलपात ठेवल्या. रेने दाणावैरणीच्या दुकानातून दुसऱ्या आणल्या. दुकानदाराने यंदा मोठ्या शिंगांचा मिळो म्हणून आशीर्वादही दिला.

हंगामाला सहा दिवस असताना, मंगळवारी, डोलोरेस शाळेत दोनशे पोरांचं जेवण वाढत होती. तेव्हा रे लाकडांच्या छपरामागे गेला. बापाचीच रायफल होती.

दफनानंतरचं जेवण चर्चच्या तळघरात होतं. बायकांनी कोबीच्या पानातले भाताचे रोल केले होते. लेस्टर ताट घेऊन तिच्याशेजारी येऊन बसला. रडून रडून त्याचे डोळे लाल झाले होते, ते मी नाकारत नाही. पण बोलला काय? "एक समाधान आहे, डॉली. त्याचं नाव त्या यादीत कधी गेलं नाही. हक्काने जगला आणि हक्काने गेला."

डोलोरेसने त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि त्याच्याच मांडीवर पालथं केलं. "ऊठ! पुन्हा माझ्यासमोर आलास तर बघ!" लेस्टरची बायको कॉनी त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. चार वर्षं दीर-भावजयीने एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

त्या चार वर्षांत डोलोरेसने खोऱ्याला सळो की पळो करून सोडलं. पिरोगी भरताना कुणी हळूच म्हणालं, की आमच्या ह्यांचं हल्ली काही खरं नाही, की ही तिथेच सुरू. "मर्जीचा कागद करू नका. तो माणसाला वाचवत नाही, बंदुकीला वाचवतो." बायका ऐकून घेत, पुरुष तिला बंदूकचोर म्हणत. दुकानात तिला पाहिलं की कुणीतरी मुद्दाम ओरडे, "बंदुका लपवा रे!" तीही उलट ओरडून सांगायची, की आधी लाज लपवा. घरी येऊन मात्र भांडी आपटायची. कारण लेस्टरवर जेवढा राग, त्याच्या दुप्पट स्वतःवर. कर सही म्हणणारी तीच होती, हे ती दिवसातून दहादा मनात घोकायची.

मग गेल्या मार्चमध्ये, भर दुपारी, कॉनीचा फोन आला. ती कुजबुजत होती. "डॉली, तो मोटारघरात बसलाय. मांडीवर रायफल आहे. तीन आठवडे झोपलेला नाही. पोलिसांना बोलावलंय, पण त्यांना यायला वेळ आहे. मला आत जायची छाती होत नाही गं."

डोलोरेस गेली. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून लेस्टर घरी बसून होता, हे तिच्या कानावर आलं होतं. पण समोर बघितलं तो नुसता सापळा.

"रे बोलावतोय मला," तो म्हणाला. "मीच मारलं ना त्याला?"

हो म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. चार वर्षं ती त्याच प्रश्नाची वाट बघत होती. ती म्हणाली, "ते नंतर बघू. आधी ती खाली ठेव. एकाला पुरलं तेवढं पुरे." त्याने खूप वेळाने ठेवली. तिने पायाने ती लांब सरकवली आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या गुडघ्यावर हात दाबून बसून राहिली.

इस्पितळात तेच दोन कागद. लेस्टर एकदम शुद्धीवर आल्यासारखा झाला. "मर्जीचा द्या. मी सही करतो. आत्ता करतो."

कॉनी रडत म्हणाली, "करू दे ना, डॉली. बरा झाला की मलाच खाईल गं."

खरं सांगायचं तर डोलोरेसच्या मनात आलं, करू दे. जा घरी नवव्या दिवशी. मग तुझ्या त्या यादीच्या गप्पा कॉनीला ऐकवायला मी येते. एक क्षण तिला ते गोडही वाटलं. मग ती डॉक्टरसमोर जाऊन उभी राहिली. "हा माणूस लगेच बाहेर पडायच्या बेतानेच सही करतोय. मी ह्याच्या मांडीवर भरलेली रायफल पाहिली. काय बोलत होता ते ऐकलं. आणा तो दुसरा कागद, मी लिहून देते." तिने अक्षर न् अक्षर लिहिलं. डॉक्टरने वाचलं, लेस्टरशी अर्धा तास बोलला, आणि त्याला जबरदस्तीने ठेवून घेतलं.

लेस्टरला आत नेत होते तेव्हा तो दाराची चौकट धरून किंचाळला. "बदला घेतलास! बापाच्या बंदुका गेल्या, माझं नाव गेलं! बदला घेतलास तू, रांडे!"

डोलोरेस त्याच्या अगदी जवळ गेली.

"बदला घ्यायचा असता ना, लेस्टर," ती म्हणाली, "तर तुला सही करू दिली असती."