सोजराबाईची कळलावी

दारात कळलावी लावू नये, घरात भांडणं लागतात, असं आमच्या पिंपरीत सगळ्या बायका सांगायच्या. खोटं, साफ खोटं! शेजारच्या सोजराबाईच्या परसात कळलावी होती आणि त्या नवरा-बायकोत कधी आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं मेलं.

वेल लावली त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, गोजानं. घोराडेश्वराच्या डोंगरावर सरपणाला गेली नि नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद ओच्यात घालून घेऊन आली. विषारी असतो म्हणून सोजराबाई ओरडली. पोरगी ऐकते कसली! शेरडांचं तोंड लागू नये म्हणून तिनं भोवती काट्या रोवल्या, वेलीला चढायला तुरकाट्या दिल्या. भाद्रपदात तांबडी-पिवळी फुलं आली. आमच्याकडे तेरड्याच्या गौरीला हीच फुलं हात म्हणून बांधतात. त्या वर्षी अख्ख्या आळीच्या गौरींना गोजानं हात दिले, आणि मिरवली काय!

दिवाळीनंतर वेल वाळून मातीत गेली. गोजानं आईला बजावलं, आता पाणी घालू नको, कंद कुजेल. पावसाळ्यात ती आपली आपण उठते. पौषात गोजाच तापानं गेली.

मग सोजराबाई त्या मोकळ्या मातीपाशी बसून राहायची. वेल उठायची वाट बघत होती बिचारी. तिच्या नवऱ्याला, दत्तोबाला, मातीत कंद जिवंत आहे हे ठाऊक नव्हतं. गवंडी माणूस, माळावर नवा कारखाना उठत होता, तिथं अंधार पडेपर्यंत काम. त्याला दिसायची ती नुसती उघड्या मातीकडे बघणारी बायको. चैत्रात ती भावाकडे मोशीला गेली, तेवढ्यात त्यानं त्याच जागी पाया खणून सिमेंटचं तुळशीवृंदावन बांधलं. दिव्याला कोनाडा, कोपऱ्यांना नक्षी. गोजा गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू पाहिलं मी.

सोजराबाई आली. मातीत काही सापडलं का, एवढंच तिनं विचारलं. वाळकी मुळं होती, दिली नदीत टाकून, तो म्हणाला. तिनं तांब्या घेतला आणि तुळशीला पाणी घातलं. लावलेली तुळस का कुणी उपटतं? मला मात्र तिनं शपथ घातली, त्यांना कळता कामा नये. माझा जीव तीळतीळ तुटायचा, पण तोंड बंद.

गौरी आल्या. औंदा हात नाहीत हे दत्तोबाच्या ध्यानात आलं. बायकोला बरं वाटावं म्हणून तो पहाटेच डोंगरावर गेला आणि अख्खी वेल मुळासकट उपटून घेऊन आला. अंगणात झटकली. माती गळाली, आणि वाकडा कंद त्याच्या हातात राहिला.

त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "हेच व्हतं गं. हेच टाकलं मी."

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"बोलली का न्हाईस?"

"तुमी केवढ्या मायेनं बांधलं व्हतं."

दत्तोबा वृंदावनाला पाठ लावून खाली बसला आणि ढसाढसा रडला. लेकीच्या मातीलाही तो असा रडला नव्हता. सोजराबाईनं फुलं खुडून गौरीला हात बांधले, हळदीकुंकू वाहिलं. कंद तसाच अंगणात पडला होता. दुसरीकडे लावूया का, मी म्हटलं.

ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ही गोजाची न्हाई."