नावाचा रकाना

लोह्याजवळच्या गावातून नांदेडला येऊन कॉम्प्युटर शिकणारी आमच्या घरातली मी पहिली. लॅबच्या सरांवरचा राग मी अजून सोडलेला नाही. तो बरोबर आहे की नाही, ते मला नक्की सांगता येत नाही.

जर्नलमधला शेवटचा प्रोग्राम होता: फाइलमधली माहिती वाचून साध्या मजकुरात तक्ता छापायचा, रकाने एका रेषेत. सरांची सही नसली तर प्रॅक्टिकलला बसता येत नव्हतं. इतरांनी इंग्रजीत चार नावं टाकून सही घेतली. मी मायच्या अंगणवाडीतल्या लेकरांची यादी घेतली, मराठीत. नाव, वय, वजन. तक्ता तिला भिंतीवर लावायचा होता, तसं मी सरांना सांगितलंही.

छापला तर वयाचा रकाना दर ओळीत वेगळ्याच जागी. सरांनी कागद वर धरून सगळ्यांना दाखवला.

"तक्ता हाय का नांगरट? बैल कुठं बांधलेत, बाई?"

लॅब हसली. मी हळूच सांगितलं की कॉम्प्युटर काना-मात्रा वेगळ्या मोजतो, तीन अक्षरांचं नाव पाच भरतं, मग पुढची मोकळी जागा कमी पडते. ते म्हणाले, इंग्रजीत टाक, नाहीतर सही विसर.

दुसऱ्या दिवशी मात्रा न मोजणारा प्रोग्राम नेला. पण अक्षरंच कमी-जास्त रुंद, ओळी थोड्या हलल्याच. सरांनी माझ्याच पट्टीनं फरक मोजून दाखवला.

"मायला सांग, लेकरांची नावं तरी सरळ ठेवत जा."

इंग्रजीत टाकणं दहा मिनिटांचं काम होतं. पण मायला इंग्रजी वाचता येत नाही, आणि आता तर मला ते करायचंच नव्हतं.

सही घ्यायच्या शेवटच्या दिवशी मी नाव उचलून शेवटच्या रकान्यात ठेवलं. आधी क्रमांक, वय, वजन. नुसते आकडे, ते सरळच बसतात. नावाच्या पुढे काहीच नाही, तर वाकडं होणार काय? रकान्यांचे मथळे मराठीत, तेही हलले असते, म्हणून ते तक्त्याच्या वर वेगळे लिहिले.

सरांनी पट्टी लावली. पुन्हा लावली.

"नाव शेवटी कुठं असतंय का?"

"न्हाई सर. पण रकाने सरळ हायेत."

त्यांनी सही केली आणि जर्नल टेबलावरून माझ्याकडे ढकललं. सही झाली की थँक्यू सर म्हणायची रीत होती. मी म्हटलं नाही.