जवसाच्या तेलाचे रविवार

नंदनवन कॉलनीत रविवारी सकाळी घरोघरी पोह्यांचा वास सुटतो. आमच्या घरी मात्र जवसाच्या तेलाचा. आधी हत्यारं, मग पोहे, हा बाबांचा कायदा. बुटीबोरीच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते. निवृत्त झाले, पण शिफ्ट काही संपवली नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. तेव्हापासून ते खुर्चीवर बसून हुकूम सोडतात आणि मी, पंचेचाळिशीची बाई, पाटावर बसून राबते. कुदळीची माती खरवडायची, खुरपीचा गंज विटेच्या भुकटीनं घासायचा, कात्रीला दगडावर धार लावायची, लाकडी दांड्यांना जवसाचं तेल चोळायचं. एकदा घाईत खोबरेल लावलं, तर दोन दिवस धड बोलले नाहीत.

"खोबरेल चिकट राहते वं. जवसाचं तेल लाकडात मुरते, वाळते."

बाग म्हणाल तर एक पेरू, एक कढीपत्ता आणि सहा कुंड्या. हत्यारं मात्र दोन एकरांना पुरतील इतकी. मला त्या हत्यारांचा मनापासून राग होता.

त्या रविवारी माझ्या पर्समध्ये पुण्याला बदलीचं पत्र होतं, बढतीसकट. या पत्राची मी बारा वर्षं वाट पाहिली होती. होकार सोमवारी द्यायचा होता. हैदराबादचा भाऊ बाबांना न्यायला तयार होता. सातव्या मजल्यावरचा त्याचा फ्लॅट, तिथे कुदळ ठेवायची कुठे आणि चालवायची कुठे, हा विचार मी मुद्दाम करत नव्हते. तेल लावून झालं की सांगून टाकायचं, असं ठरवून मी भराभर हात चालवत होते.

"खुरपी कुठाय, बाबा?"

"माह्या पलंगाखाली. कपड्यात बांधून ठेवली हाये."

कपडा सोडला. पातं तेच जुनं, मूठ नवी होती. आमच्या घरात एकाचं हत्यार दुसऱ्यानं वापरायचं नाही. मूठ ज्याच्या हाताची, हत्यार त्याचं, असं बाबा मानत. ती खुरपी त्यांची होती. आई होती तेव्हा तिनं कधी कुंडीत माती उकरायला घेतली, तर तिच्याही हातातून काढून घ्यायचे. तिची जुनी जाडजूड मूठ माझ्या हातात मावत नसे, तरी चार वर्षं मी नुसती तेल लावून ती जागेवर ठेवत होते.

ही नवी मूठ बारीक होती, गुळगुळीत होती. अंगठा टेकायला एक खोलगट जागा होती. माझी चारही बोटं कुठेही न अडता तिच्यावर बसली.

"काचेच्या तुकड्यानं तासली," बाबा म्हणाले. "तू ऑफिसात गेली का बसत होतो. महिना लागला. हात थांबत नाही ना आता."

महिनाभर त्यांच्या बोटांना पट्ट्या दिसत होत्या. भाजी चिरताना कापून घेतात असं समजून मी त्यांना रागावले होते आणि घरातल्या सुऱ्या लपवून ठेवल्या होत्या.

"बसते का तुह्या हाताले?"

"बसते, बाबा."

"मंग झालं. आता तुहीच ती."

मी तोंड फिरवून तेलाची बाटली शोधायला लागले. बाटली समोरच होती. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. या माणसानं मला थांब म्हटलं असतं, तर मी भांडले असते. चार वर्षांचं सगळं काढलं असतं आणि निघून गेले असते. त्यांनी तर काही मागितलंच नव्हतं. मी मुठीला तेल चोळलं, हात धुतले आणि पोहे भिजवले.

सोमवारी ऑफिसात नकार लिहून दिला. बाबांना पुण्याचं अजून माहीत नाही.

काल संध्याकाळी घरी आले, तर त्यांच्या अंगठ्याला नवी पट्टी होती. त्यांनी आता कुदळीचा दांडा तासायला घेतला आहे, माझ्या मापाचा.