निळ्या बाटलीवरची बारीक अक्षरं

पोलीस भरतीच्या तयारीसाठी मी साखऱ्याहून रोज सकाळी सेनगावच्या मैदानावर जायची. आठशे मीटर पळून झालं की आमचे सर निळ्या पाण्याची बाटली घ्यायला लावायचे. "साध्या पाण्यानं अंगात काय येतंय? हे खेळाडूचं पाणी हाय."

मी ती बाबांसाठी घरी आणू लागले. बाबा दिवसभर उन्हात मेंढरांमागं फिरायचे. त्यांना शुगर होती. गोळ्या चालू होत्या, चहाही बिनसाखरेचा. माय त्यांच्यासोबत मीठ घातलेलं ताक द्यायची.

"काहून ताक देतीस? ह्याच्यात क्षार असतेत, तकवा येतो," मी तिला झिडकारलं.

बाबांना ते पाणी आवडलं. रानात दुसऱ्यांना दाखवायचे, "लेकीनं आणलं." मग मी रोज दोन-दोन बाटल्या आणू लागले. उन्हाळाभर.

त्यांची तहान वाढली. सारखं लघवीला जाऊ लागले. ऊन बाधलं म्हणून मी आणखी एक बाटली दिली. त्यातच पायात बाभळीचा काटा मोडला. जखम भरेना, बोटं काळी पडली. हिंगोलीला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "हे पितात काय?" मी पिशवीतून बाटली काढून दिली. खरं सांगते, जरा ऐटीतच. त्यांनी ती उलटी फिरवून माझ्यापुढं धरली. "वाच."

बारीक इंग्रजी अक्षरं होती. पाणी. मग साखर. मग आंबटपणासाठी आम्ल, मीठ, रंग.

"मीठ चिमूटभर, बाकी सगळी साखरच. तासन्‌तास घाम गाळून पळणाऱ्याला हे चालेल. तुझ्या आठशे मीटरला साधं पाणी पुरतं. आणि ह्यांना तू हे पाजत होतीस?"

बाबांची दोन बोटं कापली.

मी सरांकडं जाऊन भांडले. ते मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले, "बाटलीवर लिहिलेलं असतंय की. बापाला पाज म्हणून मी सांगितलं व्हतं काय?"

घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच होते. मायला नुसतं ताक करता येत होतं, आणि तेवढं बराबर येत होतं.

भरतीत मी मैदानातच बाद झाले. मेंढरं आता चुलत्याकडं आहेत. बाबा ओट्यावर बसून असतात. कुणी पायाचं विचारलं की म्हणतात, "काटा मोडला व्हता." माझं नाव घेत नाहीत. एकदा तरी त्यांनी मला शिवी द्यावी, असं वाटतं.