चेंबरचा ढिला नट आणि गोरज मुहूर्त

माझ्या पुतणीचे लग्न गोरज मुहूर्तावर लागले. तसे ते लग्नपत्रिकेत नव्हते. मोटारीत तेल नव्हते, म्हणून तसे लागले.

मूळ मुहूर्त दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांचा होता आणि तो मीच काढला होता. नेवाशाच्या वरपित्यांनी बैठकीत नम्रपणे सुचवले होते, "गुरुजी, वैशाखाचं ऊन आहे. गोरज धरला तर?" त्यावर मी उत्तरलो होतो, "गोरज ही निद्राळू लोकांची सोय आहे." (चारचौघांत. मोठ्याने.)

आमची मोटार नवऱ्या मुलीहून वयाने मोठी. तिचा जुना पेट्रोल पंप इंजिनाच्याच गतीवर चाले आणि उन्हाळ्यात असा तापे, की आतल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबे. मग पंपावर ओले फडके ठेवून आम्ही लिंबाच्या सावलीत बसत असू. माझी तीन उपरणी या सेवेत खर्ची पडली. अखेरीस भिंगारच्या रशीदभाई मिस्त्रींनी विजेवर चालणारा पंप बसवला आणि मला शिष्यासारखे समोर उभे केले.

"गुरुजी, ध्यान देऊन ऐका. चावी फिरवली की स्टार्टर पंपाला करंट देतो. इंजिन चालू झालं, की तेलाचं प्रेशर तयार होतं. त्या प्रेशरनं हे बटन दाबलं जातं, अन् पुढचा सगळा करंट ह्याच्यातून जातो. तेलाचं प्रेशर गेलं, की बटन सुटलं. पंप बंद, पेट्रोल बंद, गाडी उभी!"

"म्हणजे तेल नाही, तर पेट्रोलही नाही?"

"न्हाईच! नायतर कोरडं इंजिन पळत राहील अन् जाम होईल. आन् हा लाल दिवा बघा. गाडी चालू झाल्यावर विझला तर ठीक. रस्त्यात लागला, की जागेवर थांबायचं. दर आठवड्याला पट्टी काढून तेल बघायचं. बास!"

मी अत्यंत प्रसन्न झालो. तेल हे अदृश्य अधिष्ठान, पेट्रोल ही दृश्य चेष्टा. अधिष्ठानावाचून चेष्टा कशी संभवेल? मला त्या बटनात साक्षात वेदान्त दिसला! मी तेथेच पाऊण तास त्याचे विवरण केले. रशीदभाईंनी ते पाना हातात धरून, फार सौजन्याने ऐकले. विवरणाच्या आनंदात मूळ सूत्र तेवढे माझ्या ध्यानातून गेले.

घरी येऊन मी नव्या पंपाला हळदकुंकू वाहिले आणि शिर्डीहून आणलेला एक छोटा, दुधी काचेसारखा गणपती गाडीत बसवला. जागा विचारपूर्वक निवडली. चालकाच्या दृष्टीसमोर, बरोबर मध्यभागी. तेथे एक बारीक लाल काच होती. तिला पाठ टेकून मूर्ती अगदी ठामपणे बसली. रोज किल्ली फिरवताना मी डोळे मिटून तिची प्रार्थना करू लागलो.

तेलाची पट्टी पाहण्याचा विधी मात्र मागे पडला. ती ओढली की हात काळे होत आणि पुन्हा स्नान करावे लागे. म्हणून आठवड्याऐवजी मी पौर्णिमा धरली. नंतर दोन पौर्णिमा राहून गेल्या.

"अहो, गाडीखाली रोज काळे थेंब पडताहेत. माझी रांगोळी खराब होते," आमच्या मंडळींनी तक्रार केली.

मी तत्काळ उपाय केला. रांगोळी दोन हात पुढे सरकवली.

लग्न सोमवारी होते. सगळे वऱ्हाड आदल्या संध्याकाळीच बसने नेवाशाला गेले. पण त्या वेळी प्रस्थानास योग चांगला नव्हता, म्हणून नवरीला, म्हणजे वसुधेला, मी नगरला ठेवून घेतले. "काका आणतील," असे माझा धाकटा भाऊ सर्वांना अभिमानाने सांगत गेला. सकाळी राहुकाळ संपेपर्यंत मी तिला दारात बसवून ठेवले आणि नऊनंतर आम्ही तिघे निघालो. अंतरपाट माझ्या पिशवीत, वसू आणि तिची काकू मागच्या बाजूला.

घोडेगाव ओलांडले आणि चमत्कार झाला. गणपती आतून उजळला! प्रथम फिकट, मग जास्वंदीसारखा लाल!

"दर्शन घ्या!" मी गहिवरून म्हणालो आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात जोडले. (गाडी थोडी शेताकडे गेली.)

"अहो, रशीदभाईंनी दिव्याचं काहीतरी सांगितलं होतं ना?"

"तो दिवा निराळा. हा साक्षात्कार आहे."

फर्लांगभर पुढे जाऊन साक्षात्कारासह गाडी थांबली.

"काका," वसू शालू सावरत म्हणाली, "साक्षात्कार झाला की माणसं पोचतात ना? आपण तर थांबलोय."

मी किल्ली फिरवून धरली आणि स्तोत्र आरंभले. एक श्लोक पूर्ण होतो न होतो, तोच इंजिन गर्जले! फर्लांगभर गेलो, पुन्हा थांबलो. दुसरा श्लोक, दुसरा फर्लांग. आता शंका उरली नाही. नेवासा अजून पंचवीस किलोमीटर, किलोमीटरला पाच फर्लांग, म्हणजे साधारण सव्वाशे श्लोक. मला पाठ होते.

नवव्या श्लोकाला बॅटरीने मौन धरले.

लग्नसराईच्या दिवसांत एस.टी. इतक्या भरलेल्या, की वाहक आम्हाला लांबूनच हात हलवून निरोप देत. घोडेगावच्या बाजाराकडे कांदा नेणारा एक ट्रॅक्टरवाला तेवढा थांबला.

"काय झालं बाबा? गाडी मेली व्हय?"

"नाही. विश्रांती घेते आहे."

"आन् नवरी?"

"तीही," वसू म्हणाली. मुंडावळ्यांखालून घाम टिपत ती बांधावर बसली होती. मग ती हळूच म्हणाली, "काका, ते लोक लग्न मोडणार नाहीत ना?" मला त्या वेळी एकही श्लोक आठवला नाही.

बारा वाजून गेले आणि स्कूटरवर रशीदभाई दिसले. लग्नाच्या जेवणाचे आमंत्रण त्यांना मीच दिले होते. त्यांनी पट्टी ओढली. कोरडी! वाकून गाडीखाली पाहिले. "तेलाच्या चेंबरचा नट ढिला हाय. सगळं तेल रस्त्याला पाजलं तुमी. दिवा लागला न्हाई का?"

वसूने मूर्तीकडे बोट दाखवले आणि श्लोक-फर्लांगांचा हिशेबही सांगितला.

रशीदभाईंनी गणपती हळुवार बाजूला केला. मागे लाल काच होती.

"गुरुजी, पंप बंद पडून इंजिन वाचवत होता, अन् तुमी स्टार्टर मारून, त्याला बळंच पेट्रोल पाजून पळवत होता? एका श्लोकाला एक फर्लांग? अजून दहा श्लोक म्हटले असते, तर इंजिनाला मोक्षच हुता!"

त्यांनी नट आवळला, घोडेगावहून तेलाचा डबा आणून ओतला. मी, आमची मंडळी आणि रशीदभाई, अशा तिघांनी मिळून धक्का मारला. गाडी कोणी चालवली? नवरीने! "क्लच सोडायचा एवढंच ना?" म्हणत तिने ती पहिल्याच धक्क्याला चालू केली. लाल दिवा विझला.

दोन वाजता मांडवाच्या दारात वरपिता उभे होते. माझ्या धोतरावरचे काळे ओघळ त्यांनी शांतपणे न्याहाळले.

"या गुरुजी. झोप झाली का?"

नंतर ते वसूकडे वळून म्हणाले, "पोरी, आधी पाणी पी. लग्न काय, संध्याकाळीही लागतं."

गोरज मुहूर्त मी त्यांच्याचकडचे पंचांग मागून, मान खाली घालून काढला. तो उत्तम निघाला. गार वारा सुटला होता आणि मंगलाष्टके म्हणताना पुढच्या ओळीत बसलेले रशीदभाई मला दाद देत होते.

पंगतीत मी त्यांच्याजवळ खंत बोलून दाखवली, "विघ्नहर्ता समोर असताना एवढे विघ्न आले, हे कसे?"

जिलबी मोडता मोडता ते म्हणाले, "त्याचा काय दोष, गुरुजी? तो बिचारा लाल होऊ होऊ सांगत हुता, 'थांब, थांब.' तुमी त्याला नुसते नमस्कार करत हुता."