उंच खिडक्यांचं प्रार्थनाघर

गोव्यात राजभाषेचं आंदोलन पेटलं होतं तेव्हाची गोष्ट. मी तेव्हा पेडण्याला फौजदार होतो; तिथल्या प्रार्थनाघरातली ती सकाळ अजून विसरलेलो नाही.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या एका वृद्ध इंग्रज बाईंनी ते बांधलं होतं. गाव त्यांना मडम म्हणे. चिऱ्याच्या भिंती, वर क्रूस नाही, आत मूर्ती नाही. फक्त समोरासमोर मांडलेली बाकं. जमलेली माणसं गप्प बसत, मनातून आलं तरच कुणी बोलत. खिडक्या इतक्या उंच, की रस्त्यावरून आतलं काही दिसत नसे. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल गाव वाटेल ते बोलतं.

खबर आणली तिथे बागकाम करणाऱ्या बाईच्या नवऱ्याने. "साहेब, ह्या मडमेन माझ्या बायलेक हंय पुरल्यान!"

अबोलीच्या वाफ्याजवळ खरोखरच ताजी माती होती. फाटकाशी गर्दी, एकाच्या हातात रॉकेलचा डबा. सगळी कुमक शहरात बंदोबस्ताला. माझ्याबरोबर एकटा हवालदार. सरळ सांगतो, मी भ्यालो होतो.

मडमना विचारलं, "ती जिवंत आसा?"

"आसा."

"खंय?"

कुठे, ते त्या सांगेनात. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम. सांगायचं नसलं, की त्या तोंडच उघडत नसत.

पंच बोलावून खोदायला लावलं. नवरा छाती पिटत होता. पहिली कुदळ पडली आणि मी सवयीने त्याच्याकडे पाहिलं. ज्याची बायको खड्ड्यातून निघणार, तो माणूस खड्ड्याकडे बघेल. हा टक लावून बघत होता प्रार्थनाघराच्या दाराकडे.

त्याची अंगझडती घेतली. शर्टाखाली कोयता होता. खड्ड्यात निघालं शेणखत. हवालदाराने त्याला जीपमध्ये घालून ठाण्यात नेलं. रॉकेलचा डबा कधी नाहीसा झाला, कळलंही नाही.

आत सभागृहाच्या मधोमध सरकत्या फळ्यांची भिंत होती. तिच्यामागे कुणीतरी हललं. "बाहेर ये!" ओठांवर आलं होतं. पण मी टोपी काढली आणि मडमशेजारी बाकावर गप्प बसलो.

बऱ्याच वेळाने फळी बोटभर सरकली.

"साहेब, तो भायर आसा?"

"नाही. त्याला ठाण्यात नेलंय."

ती बाहेर आली. एक डोळा सुजून मिटला होता.

खबर देणारा काय सांगतो ते ऐकावं, पण तो बघतोय कुठे ते आधी पाहावं, असं मी पुढे नव्या शिपायांना सांगत आलो. ती आत लपलीय हे त्याला ठाऊक होतं; खबर दिली ती आम्ही तिला शोधून काढावं म्हणून. खड्ड्याआधी प्रार्थनाघराची झडती घेतली असती, तर तिला मीच बाहेर काढून कोयत्यापुढे उभं केलं असतं. हा विचार आला, की अजूनही हातातलं काम ठेवून मी थोडा वेळ गप्प बसतो.